पायाळूची लाथ

"मणक्याचा क्षय आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. त्यांच्या भाषेत पॉट्स डिसीज. म्हणजे क्षयाचे जंतू पाठीच्या हाडात शिरतात आणि ते आतून पोखरतात. मग त्यांनी विचारलं, "पाठीवर कुणी मारलं का?"

मारलं होतं. माझ्याच चुलतभावाने, धसईला आमच्या ओटीवर.

मी आरमारात सब-लेफ्टनंट होतो आणि सिंगल बारच्या कसरतीत मुंबई इलाख्याचा चॅम्पियन. पाठ दुखू लागली तेव्हा मला ती सरावातली उसण वाटली. रजेवर घरी आलो, तर आईने गोविंदाला बोलावलं. तो पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी आमच्याकडची समजूत. पाय नुसता लावायचा असतो. गोविंदाने लाथ घातली. मुरबाडच्या आखाड्यात मल्लखांबावर तो दरवर्षी माझ्यामागे दुसरा यायचा. ते सगळं त्याने त्या एका लाथेत काढलं. "आता बघ दादा, उद्या उड्या मारशील," म्हणाला. चौथ्या दिवशी माझे पाय उचलेनात.

लाथ नसती तरी मणका कदाचित खचलाच असता, असं डॉक्टर म्हणाले. त्यातला 'कदाचित' तेवढा मी धरून ठेवला.

अकरा महिने प्लास्टर बेडवर काढले. हा अंगाच्या मापाचा साचा. त्यात उताणं पडून राहायचं, कूससुद्धा बदलायची नाही. डॉक्टर रोज तळव्याला टाचणी टोचून कळलं का विचारायचे. कळत नव्हतं. आरमाराचा कागद आला, नोकरीस अपात्र. तो छातीवर ठेवून मी गोविंदाची पाठ डोळ्यांपुढे आणायचो. लाथ कुठे मारायची, किती जोरात, सगळं ठरलेलं. त्याच विचारात एका सकाळी उजव्या पायाचा अंगठा हलला. नर्सबाईंनी देवाला हात जोडले. अंगठा कशाने हलला ते माझं मला माहीत.

काठी टेकत घरी पोचलो, त्याच दिवशी गोविंदा आला. सदरा काढून ओटीवर पालथा पडला.

"घाल लाथ, दादा. मी नाय हलणार."

मी खांब धरून घातली. पाय त्याच्या पाठीवरून नुसता घसरला.

"लागली नाय," तो म्हणाला. "उद्या येतो."

तो रोज आला, मी रोज मारली. दिवाळीच्या सुमारास एकदा तो कळवळला. तेव्हा माझ्या हातात ना काठी होती, ना खांब.

पाठ महिनाभर दुखली तर एक्स-रे काढा, पायाळू शोधत बसू नका. गोविंदाला मी माफ केलेलं नाही. तो कळवळला त्या दिवशी सदरा घालून निघाला, तेव्हा मी त्याला उद्याही यायला सांगितलं.