साडूंचा दोन पानी आराखडा

परभणी जिल्ह्यात माझ्या साडूंइतका पुस्तक न उघडता शिकलेला माणूस दुसरा सापडणार नाही, आणि हे मी कौतुकानं लिहीत नाहीये, जळून लिहितोय. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान बी.ए. होऊन जिंतूर–येलदरी गाडीवर कंडक्टर होते, आणि मी एका कचेरीत आवक-जावक लिहिणारा कारकून. बावीस वर्षं त्या टेबलाला कंटाळून मी परभणीत शनिवार-रविवारी भरणाऱ्या एका पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. समाजसेवेच्या कामांचं नियोजन आणि प्रशासन, असा भारदस्त विषय. वालूरला सासरवाडीत जेवताना ही बातमी मी जरा मोठ्यानं सांगितली, तिथंच चुकलं. साडूंनी शांतपणे पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "आमाला घेतेत का तिथं?" पुढच्या शनिवारी ते खाकी कपड्यांत माझ्या शेजारी बाकावर बसले होते.

वर्गात शिरले की ते आधी माणसं मोजत. सर हजेरी घेण्याआधीच "दोन कमी हायेत" असं सांगून मोकळे होत. एक मुद्दा संपला की पेन्सिलीनं बाक दोनदा वाजवत, म्हणजे आता पुढं चला. सरांनाही त्याची इतकी सवय झाली की साडू रजेवर असले तर तास पहिल्या मुद्द्यावरच रेंगाळायचा. वही त्यांनी कधी आणली नाही. टिपणं निघायची ती जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या कपट्यांवर. गरजांची पाहणी असो, मूल्यमापन असो, त्यांचा प्रश्न एकच असे, "मानूस चढतो कुठं आन् उतरतो कुठं?" पहिल्यांदा सगळा वर्ग हसला, त्यात मीच जास्त. पण दिवाळीपर्यंत मुलंमुली शंका विचारायला त्यांच्याभोवती जमू लागली. माझ्याकडे यायची ती स्टेपलर मागायला. घरी बायकोही म्हणायची, दाजींकडून शिका जरा. माझी जेवणावरची वासनाच उडायची.

शेवटच्या सत्रात खरी कसोटी आली. एक संस्था जिंतूरला दिव्यांगांच्या दाखल्यांसाठी दर महिन्याला शिबिर भरवत असे. ते नीट कसं चालवावं याचा आराखडा प्रत्येकानं करायचा, आणि ज्याचा पसंत पडेल त्याला संस्था समन्वयक म्हणून घेणार, असं ठरलं. मला ती जागा मनापासून हवी होती. त्या टेबलावरून उठायचा तेवढा एकच रस्ता मला दिसत होता. मी चौसष्ट पानं लिहिली, तक्ते काढले, बाण काढले, रंगीत कव्हर घातलं. साडूंची दोन पानं होती, तीही टाचणी लावलेली.

सरांनी माझा आराखडा बराच वेळ चाळला आणि विचारलं, येलदरीकडचा माणूस शिबिराला किती वाजता पोचेल? मी फक्त "लाभार्थी उपस्थित राहतील" एवढंच लिहिलं होतं. साडूंना ते मिनिटावर ठाऊक होतं. त्यांची गाडी जिंतूरला पोचेपर्यंत गावातल्या लोकांनी सगळे नंबर घेतलेले असत, आणि कुबड्या घेऊन आलेली माणसं त्यांच्याच गाडीनं रिकाम्या हातानं परत जात. ते सरांना म्हणाले, "जाताना बोलत जातेत. येताना खिडकीकडं तोंड करून बसतेत. मी किती वर्षं बघायलोय." त्यांचा उपाय साधा होता. निम्म्या नंबरांच्या चिठ्ठ्या गाडीतच वाटायच्या, जो जसा चढेल तशा. सर दोन पानं पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले आणि माझं काम तमाम झालं.

त्यांचीच निवड झाली. तर हा गृहस्थ सरांना म्हणतो कसा, "मला गाडी हाय, सर. ह्यायला घ्या. ह्यायचं अक्षर चांगलं हाय."

अशी ती जागा मला मिळाली, अक्षरावर. गेली दोन वर्षं येलदरीच्या गाडीत मी चिठ्ठ्या वाटतो आणि चढणारा प्रत्येकजण आधी माझ्या मागं बघतो. साडूंची ड्युटी आता दुसऱ्या मार्गावर आहे. मध्यंतरी एका लंगडणाऱ्या म्हातारीनं, जी पूर्वी तीनदा नंबराविना परतली होती, फडक्यात बांधलेले धपाटे माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "तुमच्या साडूला द्या. दाखला झाला म्हनावं." मी हो म्हणालो. जिंतूर यायच्या आत दोन खाल्ले, उरलेला स्टँडवर. बावीस वर्षांत माझ्या टेबलाशी कुणी फडक्यात काही बांधून आणलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात बाजाराला जाताना त्याच गाडीत तिनं विचारलं, "आवडले का त्यायला?" मी म्हणालो, लय आवडले. ती समाधानानं सीटवर बसली.

साडूंना मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते रागावणार नाहीत. बरं केलं म्हणतील, पोट भरलं का विचारतील. तेवढं मात्र मला सोसणार नाही.