शास्त्रज्ञ बोलतोय

बाळांनो, रंगभूमीवरच्या विसरलेल्या विज्ञाननाटकांची मी टिपणं काढते आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यांबद्दल मात्र आजच लिहिते, कारण परवा ते माझं नाव विसरले.

तरुणपणी ते एका हौशी नाटकात यंत्रमानव झाले होते. त्या नाटकाची संहिता हरवली आणि शास्त्रज्ञ झालेले नटही गेले. काल मी विचारलं, तशी त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि ते ताठ उभे राहिले.

"मला भूक नाही. पण तुम्ही जेवल्याशिवाय मी दिवा मालवणार नाही."

मग ते डावीकडे बघत गप्प उभे.

"मामा, पंक्चर काढताय का नाटक करताय?" एक गिऱ्हाईक ओरडलं.

"गप की लेका, शास्त्रज्ञ बोलतोय!"

"काय बोलतोय?" मी विचारलं.

"ते न्हाय आठवत, बाई. मला वही माझ्याच वाक्यांची दिल्ती. पर किती थांबायचं, त्ये ठावं हाय की."

मी घड्याळ समोर ठेवून सगळं उतरवून घेतलं. त्या नाटकातलं आता एवढंच उरलं आहे: यंत्रमानवाची सगळी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यानंतर शास्त्रज्ञासाठी किती थांबायचं ते.