हिराक्कांची दुपार

हिराक्का कुणालाही "कशी आहेस?" असं विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आत्ता कुटं बसलीयास गं?" समोरची बाई गोंधळायची. आपण एवढं मोठं दुःख लिहून पाठवलंय आणि या विचारतायत, कुठे बसलीस! पण उत्तर द्यायचं तर आजूबाजूला बघावं लागायचं, आणि बघता बघता छातीतलं घट्ट झालेलं जरा सैल व्हायचं.

माझी त्यांची ओळख मोबाईलवरच झाली. माझे यजमान श्रीकांत वाईतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं असायचं. पाचसहा महिन्यांनी येणंजाणं आटलं, तेव्हा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने मला एका ग्रुपमध्ये घेतलं. घरात असं अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेली, सातारा-सांगलीकडची तीसेक जणं त्यात होती. मी नुसती वाचायची, लिहायची नाही.

एका दुपारी श्रीकांतनी भाताची ताटली तिसऱ्यांदा ढकलून दिली आणि मी त्यांच्या हातावर फटका मारला. चांगला जोरात. ते रडले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी बाहेर आले आणि ग्रुपवर लिहिलं, "आज मी यांना मारलं."

मग एकाने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. एका बाईंनी पतिसेवेचं पुण्य समजावून सांगितलं. लिहिलेलं खोडून टाकावं म्हणून मी फोन हातात घेतला, तर तो वाजायलाच लागला.

"मी हिराक्का, पलूसकडची. आत्ता कुटं बसलीयास?"

"मागच्या दाराच्या पायरीवर."

"तितनं काय दिसतंय?"

"दोरीवर चादरी. शेजाऱ्यांचं पेरूचं झाड."

"पेरू लागल्यात?"

"लागलेत. कच्चे आहेत," एवढं बोलले आणि मला रडू फुटलं.

त्यांनी मला थांबवलं नाही. मधूनमधून नुसतं "व्हय" म्हणत राहिल्या. पलीकडे कुठेतरी म्हैस रेकत होती. माझं रडणं ओसरल्यावर म्हणाल्या, "मी बी मारलंय आमच्या मालकास्नी. दोनदा. एकदा तर वाटी फेकून मारली. आता उठ. त्येंच्याजवळ जा आन् चुकलं म्हणून सांग. बोलता येत नसंल त्येंला, पर कळतंय समदं. आन् उद्यापासनं रोज घटकाभर कुणाला तरी त्येंच्यापाशी बसव, तू बाहीर पड. दमल्यालं मानूसच हात उचलतंय."

मी आत गेले, सांगितलं. श्रीकांतनी डाव्या हाताने माझं बोट धरलं आणि किती तरी वेळ सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी नणंद दुपारी येऊन बसू लागली आणि मी घाटावर एक चक्कर मारून येऊ लागले.

हिराक्कांचे यजमान सैन्यातून निवृत्त होऊन आले आणि वर्षभरात अंथरुणाला खिळले. नऊ वर्षं हिराक्कांनी त्यांचं सगळं केलं. मी ग्रुपमध्ये आले तेव्हा ते जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा सैन्यात, सून आणि नातवंडं घरी. दुपारी सून द्राक्षबागेत गेली, की हिराक्का गोठ्याच्या कट्ट्यावर फोन घेऊन बसत. चौथीपर्यंतच शिकलेल्या, त्यामुळे लिहिणं नको वाटे. बोलूनच निरोप पाठवत, नाहीतर सरळ फोन लावत. एकदा मी विचारलं, "अक्का, आता तुमच्या घरी कुणी आजारी नाही. मग यात कशाला राहिलात?"

"मला त्येवढंच येतंय, बाय. नऊ वर्सं शिकलीया."

त्या गोड बोलत, पण भोळ्या मुळीच नव्हत्या. कुणीतरी ग्रुपवर सगळ्या नसा मोकळ्या करणाऱ्या तेलाची जाहिरात टाकली, तर अक्कांचा आवाज कडाडला, "तेलानं वांगं तळतंय. नस न्हाई जुळत. ह्या बायका घाबरल्यात म्हणून त्यांस्नी इकायला आलायस व्हय रं?" तो माणूस त्याच दिवशी ग्रुप सोडून गेला. त्यानंतर चार दिवस आम्ही सगळ्या एकमेकींना जेवायला वांगंच केलंय म्हणून कळवत होतो.

पण त्यांचंही एकदा चुकलं. सांगलीची रेखा म्हणून एक जण होती, सासूचं करून करून थकलेली. तिचा फोन आला त्या दुपारी अक्कांची म्हैस अडली होती. एक कान गोठ्याकडे ठेवून त्यांनी थोडंफार ऐकलं आणि "सगळ्यांचं आसंच आसतंय, चालायचंच" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी रेखा ग्रुपमधून निघून गेली.

अक्का हबकल्या. त्यांचा इतका बारीक झालेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. म्हणाल्या, "ती काय तरी सांगाय आली हुती गं. मी दार लावलं तिच्या तोंडावर." रेखा फोन उचलत नव्हती. मग त्यांनी तिला एकच निरोप पाठवला. पाठवण्याआधी मला ऐकवला होता, म्हणून शब्द आठवतात, "रेखा, माजं चुकलं. तुजं निम्मंच आइकलं मी. उरल्यालं आइकायला बसलीया. तुला वाटंल तवा." पुन्हा त्रास दिला नाही. रोज दुपारी फोन मात्र पुढ्यात ठेवून बसत.

तिसऱ्या आठवड्यात रेखाचा फोन आला. दोघी दोन तास बोलल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "त्ये तिचं हाय." पुढे रेखाने सासूसाठी एक बाई ठेवली आणि अर्धवट सोडलेलं शिवणकाम पुन्हा सुरू केलं. एवढंच आम्हाला कळलं.

गेल्या वर्षी द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत अक्कांच्या नंबरावरून मला फोन आला. आवाज अनोळखी होता. "आवं, मी त्येंची सून. आत्यांस्नी जाऊन चार दिस झालं. झटका आला, सकाळी. पर ह्या फोनवर दुपारचं लय जण फोन करत्यात. तुमी कोण म्हणायचं?"



तेराव्याला आम्ही पाच जणं त्यांच्या गावी गेलो. एकमेकांना तिथेच पहिल्यांदा पाहिलं. रेखा माझ्या कल्पनेपेक्षा खूपच लहान निघाली. मांडवात लोक विचारत होते, पाव्हणं कुणाकडचं? जेवणं उरकली, बाकीचे चौघे जीपने निघाले. मी कराडच्या गाडीची वाट बघत अंगणात थांबले होते, तेव्हा अक्कांचा मुलगा संपत माझ्याजवळ येऊन बसला. डोकं भादरलेलं, ताठ बसायची सवय.

"ताई, आई तुमच्याशी काय बोलायची?"

मी त्याला पायरीवरची ती दुपार सांगितली. भाताची ताटलीसुद्धा सांगितली. तो मान खाली घालून ऐकत होता.

"मी ड्यूटीवरनं फोन करायचो," तो म्हणाला, "तर बरा हाईस न्हवं, एवढंच इचारायची आन् ठेवायची. मला वाटायचं आईला बोलायचं सुदरत न्हाई. आन् मी बी कधी काय सांगितलं न्हाई. वडील अंथरुणाला पडले तवा मी बर्फात ड्यूटीवर हुतो. रजा मिळत हुती, ताई. मीच घेतली न्हाई. त्येंला तसं बघायची हिंमत न्हवती माजी. आईला ठावं हुतं का न्हाई, कुणाला ठावं."

रस्त्यावर कराडची गाडी येऊन थांबली. कंडक्टरने हाक दिली, सुनेनेही आतून आवाज दिला. संपत उठायला लागला.

"बस," मी म्हणाले. "गाड्या आहेत अजून."

तो बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला.