जवावरचा मावा

माझ्या पीएचडीचा विषय होता धान्यपिकांवरचा मावा. हा हिरवट, बारीक किडा कुठल्या पिकावर किती जगतो, हे मला पाहायचं होतं. त्या हिवाळ्यात कॉलेजचं जाळीघर दुरुस्तीला निघालं, म्हणून मी कुंड्या शहरातल्या फ्रीगंज भागातल्या आमच्या घराच्या गॅलरीत आणल्या. गहू, जव, ओट, मका, ज्वारी, प्रत्येकाच्या चार-चार. रोपावर ब्रशच्या टोकाने माव्याची नुकती जन्मलेली दहा पिल्लं सोडायची आणि वर कापडाची पिशवी बांधायची. भैरवगढच्या कापड छापणाऱ्यांकडून छपाईआधीचं, खळ धुतलेलं मलमलीचं कापड आणलं होतं, त्यातून हवा जायची. रोज सकाळी जिवंत किती ते मोजायचं.

घरी सासूबाई आणि मीच असायचो. नवरा नोकरीसाठी इंदूरला, शनिवारी यायचा. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "सूनबाई मावा मोजती है." शेजारीण म्हणाली, "अच्छा, घर में शादी है क्या?" इथल्या हिंदीत मावा म्हणजे फक्त खवा, या किड्याला माहू म्हणतात.

पंधराव्या दिवशी सकाळी पाहिलं, तर जवाच्या चारही कुंड्यांवर एकही किडा नव्हता. पिशव्या सोडलेल्या होत्या आणि पानं ओली होती.

"आई, इथे काही केलंत का?"

"रिठ्याचं पाणी शिंपडलं," सासूबाई म्हणाल्या. "पार पिवळा पडला होता गं. नवरात्रात आपण जवारे पेरतो. घरात जव असा मरताना मला बघवेना."

"पंधरा दिवसांची मेहनत होती ती!" मी ओरडले. त्या आत गेल्या.

मी वही उघडली. जवावरचा मावा इतका जोमात होता की उरलेल्या दिवसांचे आकडे अंदाजाने सहज भरता आले असते. दोन ओळी पेन्सिलने भरल्याही. मग लाज वाटली, त्या खोडल्या आणि गाईडसरांना फोन लावला.

"जौ फिर से लगा लूँ, सर?"

"अकेला जौ नहीं, पाँचों लगाओ," सर म्हणाले. "ठंड कम हो गई तो तुलना किस काम की?"

पुन्हा पेरणी झाली. तोवर आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. नवी पिल्लं सोडली त्याच्या तिसऱ्या दिवशी सासूबाई चष्मा न लावताच गॅलरीत आल्या. दिवाळीनंतर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आता नजर साफ होती.

"मला दाखव, कसं मोजतेस ते."

मी भिंग दिलं. मक्याच्या पानावर मी सात मोजले होते. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"चारच आहेत."

"सात आहेत, आई."

"हे तीन हलत नाहीत. नुसती टरफलं आहेत. फुंकर मार."

मी फुंकर मारली. तीन पांढरे ठिपके उडून गेले. किडा वाढताना कात टाकतो हे मला पाठ होतं, पण घाईत मी कातीही जिवंत धरत आले होते. म्हणजे जिथे किडे मरत होते, त्या मका आणि ज्वारीचे आधीचे आकडे फुगलेले होते. ती पहिली फेरी पूर्ण झाली असती, तर तेच छापलं गेलं असतं.

"त्या दिवशी मी फार ओरडले तुमच्यावर," मी म्हणाले.

"ओरडलीसच. पण विचारायला हवं होतं मी," त्या म्हणाल्या आणि पुढच्या कुंडीकडे वळल्या.

त्यानंतर आम्ही दोघी वेगवेगळं मोजायचो आणि आकडे जुळले नाहीत तर परत मोजायचो. जवावर जवळजवळ सगळी पिल्लं मोठी झाली, गव्हावर थोडी कमी. ओट मधे राहिला. ज्वारीवर निम्म्याहून जास्त मेली आणि मक्यावर मोजकीच वाचली.

सरांनी दोन्ही फेऱ्यांच्या वह्या समोर ठेवून विचारलं, "मक्के में इतना फ़र्क़ क्यों?" मी कातीचं आणि रिठ्याचं, दोन्ही सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "पहली गिनती क्यों छोड़ी, यह थीसिस में लिखो." मी एक परिच्छेद लिहिला, त्यात काती सासूबाईंनी ओळखल्या हेही घातलं. घरी सासूबाईंना तो मराठीत वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.