कासमची उंच चाकं

कासम गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याचीच गोष्ट सांगत होतो. दूध बाजारातल्या माझ्या चहाच्या दुकानात चार टाळकी जमली की मी कासमच्या मोटारीवर घसरतो, हे अख्ख्या नाशिकला ठाऊक. तो तापाने पडलाय हे माहीत होतं. पण आठ दिवसांत उठेल, असं मीच जाहीर करून टाकलं होतं. त्याचा मेहुणा दारात येऊन म्हणाला, "भाऊ, कासमभाई गेले." आणि बाकावरची मंडळी हसली. त्यांना वाटलं, हाही गोष्टीतलाच भाग...

समोरच्या शेडमध्ये कासम मोटारी दुरुस्त करायचा आणि स्वतःची जुनी मोटार पेठच्या रस्त्याला भाड्याने चालवायचा. गाडी सहा जणांची, पण तिच्यातून उतरताना मी एकदा एकोणीस माणसं, दोन शेळ्या आणि एक नवरदेव मोजलाय. खोटं वाटत असेल तर शेळ्या वजा करा. पावसाळ्यात मात्र वाटेतला एक ओढा तिला अडवायचा. इंजिनात पाणी शिरलं की ती म्हशीसारखी तिथेच बसायची. म्हणून कासमने मोडीत निघालेल्या लॉरीची चार मोठी चाकं आणली आणि लेथवर भोकं पाडून मोटारीला बसवली. माप घेतलं ते रिकाम्या गाडीवर! पहिल्याच फेरीला माणसं बसली, स्प्रिंगा दबल्या, टायर मडगार्डला घासले आणि असा धूर निघाला, की पंचवटीतले लोक घागरी घेऊन धावत आले. कासमने शांतपणे चारी मडगार्डं कापून काढली.

"अरे, हा उंट कुठून आणलास?" मी भर रस्त्यात ओरडलो.

"हस, भाऊ, हस. श्रावणात याच उंटावर बसशील."

"आधी शिडी आण, मग बसतो!"

तेवढ्यावर थांबलो असतो तर... पण मी गोष्ट रचली. एक म्हातारी म्हणे त्या गाडीत चढली, वरून तिला थेट त्र्यंबकचा कळस दिसला, तिने तिथूनच हात जोडले आणि उतरून घरी गेली. गोष्ट मोटार अड्ड्यावर पोचली. "उंट नको रे बाबा" म्हणत उतारू दुसऱ्या गाडीत बसायला लागले. बायका तर लोक हसतील या भीतीने पाय वर उचलेनात. महिनाभर कासमने गाडी रिकामी नेली, रिकामी आणली. मग लहान चाकं परत चढवली आणि माझ्याकडे चहाला आला. "उंट सोडला, भाऊ," म्हणाला. मी हसलो. तोही हसला... निदान मला तसं वाटलं.

श्रावणात पेठकडचा एक माणूस बाळंतपणात अडलेल्या बायकोला घेऊन त्याच्या गाडीत बसला. कासमच्या अंगात आधीच कणकण होती. ओढ्याच्या मधोमध गाडी बसली. दुपारभर पाण्यात उभं राहून दोघांनी ती ढकलली आणि बाईला इस्पितळात पोचवलं. कासमने त्या दिवशी अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. न्यूमोनिया झाला.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी ती मंडळी गावी परत निघाली. नवरा माझ्या दुकानात डोकावला. "त्या डायवरदादाला सांगा, पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत."

"सांगतो," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लहान थाप.

परवा मेहुण्याने शेड आवरायला बोलावलं. आतल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. कासमला लिहिता येत नव्हतं. कुठलाही ओढा आला की तो आधी स्वतः उतरून पाणी बघायचा आणि पायजमा जिथवर भिजला तिथवरची रेघ घरी येऊन भिंतीवर ओढायचा, हे मला मेहुण्याकडून कळलं. तीस वर्षं समोर राहून!

"ही खालची जाड रेघ," तो म्हणाला, "लहान चाकांवर इंजिनाला पाणी लागतं ती. वरची जाड, मोठ्या चाकांची."

"आणि ही मधली बारीक?"

"पेठचा ओढा, भाऊ. श्रावणातला. गेल्या वर्षीच ओढून ठेवली होती त्यांनी."

मी वरच्या रेघेखाली हात आडवा धरून पाहिला. मधल्या रेघेपर्यंत दोन बोटं मावली. बरोबर दोन.