एकाच नावाचे ताप

धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका उपकेंद्रात मी नर्स होते. नवरा भद्रावतीच्या कारखान्यात, सासू त्याच्याजवळ, आणि माझ्याजवळ नुकतीच रांगायला लागलेली मुलगी. तिला पाठीशी बांधून मी वस्त्या फिरायची. संध्याकाळी बोलायला तिच्याशिवाय कुणी नसे, म्हणून तांदूळ निवडतानाही मी तिच्याशीच भांडायची.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीतलं एक मूल तापानं गेलं. मान ताठ, अंगावर जांभळे डाग. लोक म्हणाले, मेंदूचा ताप. तिकडे डास चावून आलेला असो की जंतूमुळे झालेला, नाव एकच.

धानोऱ्याहून घरी फोन केला, तर सासू म्हणाली, "मेंदूच्या तापाची सुई भेटते ना? मंग टोचून टाक पोरीले. काऊन जीव टांगून राह्यली?"

मलाही तेच हवं होतं. सुई टोचायची आणि पोरगी जवळ ठेवायची. मी धानोऱ्याच्याच डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, डागांवरून जंतू ओळखता येतो, पण त्याचे प्रकार बरेच आहेत, आणि हा कोणता ते इथं कळत नाही. नागपूरला मिळणारी लस त्यातल्या दोनांवरच, आणि इतक्या लहान बाळाच्या अंगात ती धड टिकतही नाही.

"एकावरची लस दुसऱ्याला थोडी तरी अडवेल ना?" मी विचारलं.

"तिच्या भरवशावर बाळ इथं ठेवू नका."

मला त्यांचा रागच आला. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना टोचायचं, आणि स्वतःच्या पोरीसाठी कामाची सुई नाही! तरी घरी पुन्हा फोन केला, आणि दोन दिवसांनी नवरा येऊन तिला घेऊन गेला. एसटी वळली तरी मी तिचं दुपटं हातात धरून उभी होते. देताना राहूनच गेलं होतं.

तो पावसाळा फार लांबला. ओढे भरले की बस बंद. मी मोठ्यानं बोलायची सवय सोडून दिली.

दिवाळीला भद्रावतीला पोचले. मुलगी सासूच्या कडेवर होती. मी हात पुढे केले, तर तिनं मान फिरवली आणि भोकाड पसरलं.

"नवं माणूस पाह्यलं का अशीच लडते ते," सासू तिला थोपटत म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. मी चपला काढल्या आणि पाणी प्यायला आत गेले.