बोरीवरच्या अळ्या

माझी धाकटी जाऊ करमाळ्याकडची. ती लग्न होऊन आली तेव्हा सोलापूरच्या आमच्या घरात मी चांगली रुळले होते. घरात हातमाग होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दिवसभर मागावर बसत आणि मी त्यांना रहाटावर सुताच्या कांड्या भरून देत असे. "थोरले, कांड्या," यापलीकडे ते माझ्याशी बोलत नसत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ते सगळ्यांशीच तसे, अशी माझी समजूत होती.

एकदा धाकटी माहेराहून बोरीची डहाळी घेऊन आली. डहाळीला कोंबडीच्या अंड्याएवढा टणक, राखी कोश लोंबत होता. तिनं तो परसातल्या बोरीला बांधला. पावसाळ्यात एका सकाळी पाहतो तर कोश फुटलेला, आणि त्याला तळहाताहून मोठा पिवळसर पतंग लटकलेला. चारी पंखांवर एकेक गोल ठिपका, अभ्रकासारखा आरपार. ती मादी होती. रात्रीतून कुठूनसा एक विटकरी नरही येऊन तिला बिलगला होता.

मामंजी माग सोडून परसात आले.

"हे कुटलं गं, पोरी?"

मला त्यांनी कधी पोरी म्हटलं नव्हतं.

"आमच्याकडं बोरीवर लई असत्यात," धाकटी म्हणाली. "ह्येला खायाला तोंडच नसतंय, मामंजी. अळी असतानाच काय ते खाऊन घ्यायचं."

मामंजी हसले. ते हसतात हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे अंड्यांतून अळ्या निघाल्या आणि बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार झाल्या. अंगाच्या कडेला चांदीचे ठिपके. जेवण झालं की मामंजी काठी घेऊन कावळे हाकायला बोरीखाली बसत. धाकटी शेजारी उभी राही. दोघांचं बोलणं मला रहाटापाशी ऐकू येई आणि हातातलं सूत सारखं तुटे. शेवटी मी नवऱ्याजवळ बोलले.

"अळ्यांवर काय जळतेस?" ते म्हणाले.

अळ्यांवर मी जळत नव्हतेच.

या अळ्या अर्जुनाचा पालाही खातात, असं मी शेजारणीकडून ऐकलं. कुंभारी गावाच्या ओढ्याकाठी अर्जुनाचं एक झाड होतं. तिथून मी ओटीभर पाला आणला आणि मामंजींसमोर ठेवला.

"ह्योबी खात्यात म्हणं," मी म्हणाले.

"धाकटीला इचार," ते म्हणाले.

तो पाला मी शेळीला घातला.

मग धाकटीची आई आजारी पडली आणि तिला माहेरी जावं लागलं. निघताना ती म्हणाली, "अक्का, अळ्या तेवढ्या संभाळा." तोवर आमच्या बोरीला पानं उरली नव्हती. मी रोज बाहेरून काटेरी डहाळ्या तोडून आणी आणि एकेक अळी त्यांवर सोडी. कोपरापर्यंत ओरखडे उठले. अळ्या कोश विणायला लागल्या त्या दिवशी मामंजी माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. आता काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली.

"धाकटी असायला पायजे हुती," ते म्हणाले.

ती परतली तेव्हा ते शेजाऱ्यांना कोश दाखवत होते. "आमच्या धाकटीनं वाढवलं," असं सांगत होते.

"न्हाय, मामंजी," ती म्हणाली. "मी कुटं हुते हितं? अक्कांनी केलंय सगळं. हात तरी बघा त्यांचं."

सगळ्यांनी पाहिले. मामंजींनीही पाहिले. "व्हय की," म्हणाले, आणि मागाकडे गेले.

धाकटी वाटीत खोबरेल घेऊन माझ्या ओरखड्यांना लावायला बसली. मी लावू दिलं. माझ्याकडे मामंजींना बघायला लावलं तेही तिनंच. तिचं मन चांगलं आहे हे मला दिसत होतं, आणि नेमकं तेच मला सोसत नव्हतं.